राघूचे चार शब्द

“दिगंबऱ्या, बाहेर ये आदी! कुनाला पानी वाढायलास रे? गावाचं ठरलेलं ठाऊक न्हाई का तुला?”

बापूकाका आमच्या अंगणात उभे राहून ओरडत होते. बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. घर समोरासमोर, मधे एक बोळ. त्यांचा आवाज असा की सेलूच्या टेसनात उभी असलेली गाडी शिट्टी झाली समजून सुटावी. हे मी शपथेवर सांगते, आणि माझ्या शपथा ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी जरा गप्प बसावं. आम्ही जेवत होतो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून लसणाच्या फोडणीचं तेल. वडील, म्हणजे आमचे दादा, हातातला घास तसाच धरून बाहेर गेले. मागं आई, तिच्या मागं मी.

“कोन हाय इथं?” दादा म्हणाले. “आडावर तर चिटपाखरू न्हाई.”

“मला उल्लू समजायलास का? ह्या कानांनी ऐकलं. गयाचा आवाज. आत्ता, ह्या मिनटाला, तुज्या दारात पानी मागायली व्हती ती!”

तेवढ्यात काकांच्या बरोबर डोक्यावरून हाक आली, “वाढा वं माय, पानी.”

काका असे उडाले की डोक्यावरची टोपी जागच्या जागी राहिली आणि काका तिच्याखालून दोन हात बाजूला जाऊन पडले. वर ओसरीच्या वाशाला पिंजरा होता, पिंजऱ्यात आमचा राघू होता, आणि तो मान तिरकी करून काकांकडं बघत होता. आईला हसू आवरलं नाही. तिनं पदर तोंडात कोंबला, पण काकांनी ते बघितलं. त्या हसण्याची किंमत पुढं आमच्या घरानं नाही, भलत्याच घरानं भरली.

राघू मला सुमीनं दिला होता. सुमी म्हणजे वस्तीतल्या गयाबाईची पोरगी. माझ्याच वर्गात होती, दाराशी बसायची. वस्तीमागच्या बाभळीच्या ढोलीतून पडलेलं ते पिल्लू तिनं परकराच्या ओच्यात घालून आणलं आणि म्हणाली, “आमच्या घरी मांजर लय. तूच सांभाळ.” तेव्हा त्याच्या अंगावर पिसं कमी आणि सुरकुत्या जास्त होत्या. मी त्याला ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून काडीनं चारलं. पुढं तो एवढा माजला की एका बैठकीत चाळीस मिरच्या खाऊन वर माझ्या ताटातला ठेचा मागायचा. बरं, चाळीस नाही, चार. पण खायचा अशा ऐटीत, की बघणाऱ्यानं चाळीसच मोजाव्यात.

बोलायला तो आमच्या घराच्या आवाजांवर शिकला. दादांचं सकाळचं खाकरणं त्याला येत होतं. आडावरच्या रहाटाची कुरकुर तर अशी हुबेहूब काढायचा की आई आतून ओरडायची, “कोन शेंदायलंय गं?” आणि त्याला ते चार शब्द येत होते. वस्तीतल्या लोकांचा आड वेगळा होता, पण तो होळीनंतर आटायचा. मग पाऊस पडेपर्यंत तिथल्या बाया आमच्या आडावर यायच्या. आडावर म्हणजे आडापासून दहा हात लांब. तिथं एक शिळा होती. शिळेवर घागर ठेवायची, मागं सरून उभं राहायचं आणि म्हणायचं, “वाढा वं माय, पानी.” कुणाचं नाव घ्यायचं नाही, घाई आहे म्हणायचं नाही, पाचवा शब्द काढायचा नाही. मग घरातल्या बाईला सवड होईल तेव्हा ती येणार, शेंदणार आणि आपली घागर त्यांच्या घागरीला लागणार नाही अशा बेतानं वरून ओतणार. ही रीत मला कुणी समोर बसवून शिकवली नव्हती. राघूलाही नव्हती. दोघांना आपोआप आली. गयाबाई सगळ्यांत शेवटी, भर उन्हात यायची. सगळ्यांत जास्त वेळ तीच उभी राहायची, म्हणून राघूच्या गळ्यात आवाज बसला तो तिचा. मी कितीदा तरी पाणी ओतलंय तिच्या घागरीत. ओतताना वाटायचं, आपल्यासारखं दानशूर दुसरं कुणी नसेल. मी तिला ‘गये’ म्हणायचे. माझ्या आईच्या वयाची बाई ती. पण सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे.

त्या पावसाळ्यात मात्र गावानं ठरवलं होतं की वस्तीला पाणी नाही, गिरणीत दळण नाही, दुकानात मीठ नाही, शेतात काम नाही. कारण काय, तर नामांतर. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचं म्हणून इकडं आमच्या गावात मीठ बंद! आमच्या गावातून शिकायला बाहेर गेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजली तर अंगठा शिल्लक राहायचा. आणि नावासाठी सगळ्यांत जास्त जीव टाकणारे बापूकाका स्वतःचं नाव लिहायच्या जागी तोच शिल्लक राहिलेला अंगठा उठवायचे. आज ह्यावर मी हसते आणि चारचौघांना हसवतेही. तेव्हा कुणी हसत नव्हतं. शेजारच्या एका गावात घरं जळाल्याची बातमी आली होती. एस.टी. बंद होती. देवगाव फाट्यावर रस्त्यात झाडं तोडून टाकली होती. वस्तीतले गडी दिवसा दिसेनासे झाले होते. ते वाढलेल्या ज्वारीत लपून बसतात, असं लोक म्हणायचे.

टोपी उचलून, झटकून बापूकाकांनी जाताना दादांना बजावलं, “हे पाखरू पुन्ना बोललं तर मान मुरगाळून टाकीन त्याची. आनि तुजंबी पानी-पीठ बंद. गावाला काय ठाऊक, पाखरू बोललं का तुमी वाढलं?”

दादा आत येऊन जेवायला बसले आणि खालच्या आवाजात आईला म्हणाले, “त्यांच्या आडात कुनीतरी रॉकेल वतलंय म्हनं.”

“कुनीतरी म्हंजे कोन?”

“जेव तू.”

बापूकाकांच्या ओट्यावरचा रॉकेलचा डबा दोन दिवसांपासून उपडा पडलेला होता. मी लहान होते, मला डब्याशी काय करायचं होतं!

अगदीच लहान नव्हते म्हणा. त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा कावळा शिवला. एरवी गावात पोरीचा केवढा सोहळा व्हायचा, नवं लुगडं, ओटी, बायांची गाणी. त्या गडबडीत माझ्या वाट्याला नुसता कोपरा आला. ओसरीच्या टोकाला सरकी आणि पेंडीची पोती ठेवायची एक अंधारी खोली होती. तिथं मला चार दिवस बसवलं. वाकळ वेगळी, ताटली वेगळी, पाण्याचा डेरा वेगळा. आडाकडं फिरकायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. तहान लागली आणि डेरा संपला तर दारात बसून आईला हाक मारायची, आणि आई वरून ओतणार. पहिल्या दिवशी मी गंमत म्हणून ओरडले, “वाढा वं माय, पानी!” आईनं थाडकन माझ्या पाठीत काठी घातली. हातानं मारता येत नव्हतं ना, म्हणून काठी.

वस्तीच्या बाया कामावर बंद, त्यामुळं खुरपायला घरचीच माणसं. मुगात तण माजलेलं. आई आणि दादा दिवस उगवायला शेतात जायचे ते दिवस कलल्यावर यायचे. घरात मी आणि राघू. जाताना दादांनी पिंजरा माझ्या खोलीच्या खिडकीसमोर टांगला आणि म्हणाले, “कुसे, हा बोलला न्हाई पाहिजे. काय करायचं ते कर. याची मान तुज्या हातात.”

आता पोपटाला गप्प ठेवायचं म्हणजे काय, हे ज्यानं ठेवलंय त्यालाच कळेल. बैलाला वेसण असते, माणसाला लाज असते, पोपटाला दोन्ही नाही. मी खिडकीच्या गजांतून काठीच्या टोकाला मुगाच्या हिरव्या शेंगा बांधून त्याला द्यायचे. तो एकेक दाणा सोलून टरफल माझ्या अंगावर टाकायचा. शेंगा संपल्या की मिरच्या. मिरच्या संपल्या की माझ्या फुटक्या बांगड्या दोरीत ओवून त्याच्यासमोर खुळखुळवायच्या. त्यांना तो चावायचा, कंटाळायचा, रहाटाची कुरकुर काढायचा. कुरकुर झाली की पुढं चार शब्द येणार हे मला ठाऊक असायचं. मी बोळाकडं बघायचे. समोरच्या ओट्यावर बापूकाकांची खाट दिसायची.

एक गोष्ट मला लवकर कळली. कुणी चढत्या आवाजात काही सांगायला लागलं की राघू मान तिरकी करून ऐकत बसायचा. म्हणून मी त्याला गोष्टी सांगायला लागले. चारठाण्याच्या दगडी देवळात पोपटांचा राजा राहतो आणि त्याच्या दरबारात माणसं पिंजऱ्यात ठेवलेली आहेत, ही गोष्ट. मग त्या माणसांत एक मोठ्या मिशांचा बापूकाका आहे आणि त्याला फक्त ‘म्याव’ म्हणता येतं, ही गोष्ट. श्वास घ्यायला थांबलं की राघू कुरकुरायचा, म्हणून थांबायचं नाही. गोष्ट संपत आली की तिला शेपूट लावायची, शेपटाला शिंगं फोडायची. लोक मला विचारतात, एवढ्या थापा मारायला कुठं शिकलात? मी म्हणते, आमच्या घराण्यातच आहे. खोटं आहे ते. मी शिकले त्या सरकीच्या खोलीत. दोन दिवस मी एका पाखराची मान वाचवली, निव्वळ थापांवर.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही. उकाडा असा की पोत्यांतल्या सरकीला घाम फुटत होता. गाव शेतात गेलेलं. बापूकाकांच्या ओट्यावर मात्र खाट होती आणि खाटेवर काका पडलेले. ते झोपलेत की पडून कान देतायत ते मला इथून कळत नव्हतं. माझ्या खिडकीतून पिंजरा दिसायचा, बोळ दिसायचा, ती खाट दिसायची. आड घराच्या कोपऱ्याआड होता. तो दिसत नव्हता, ती शिळाही दिसत नव्हती. माझी गोष्ट राजाच्या पोरीच्या लग्नापर्यंत आली होती, तेव्हा हाक आली.

“वाढा वं माय, पानी.”

हळू आवाज होता, दबका. मी म्हणाले, “गप रे, राघ्या!” आणि लग्नाची वरात मोठ्यानं सुरू केली. पुन्हा हाक आली. आली आणि लागलीच पुन्हा एकदा आली. मी खिडकीच्या गजावर काठी बडवली. वरातीत हत्ती आणले, हत्तींवर नगारे चढवले. खाटेवर काका कुशीवर वळले. हाक आली, पुन्हा जोडीनं. एकीच्या पाठीला दुसरी, तीच, तशीच, तोच गळा. राघूला आज ऊत आलाय, असं मी माझ्या मनाला सांगितलं. आणि गोष्ट सांगता सांगता मी फिरून भिंतीकडं तोंड करून बसले. माझ्या डेऱ्यात पाणी होतं. ओरडून ओरडून घसा कोरडा पडला होता, म्हणून मी तांब्या बुडवून प्याले, पुन्हा प्याले, आणि नवऱ्याला घोड्यावरून उतरवून पुन्हा घोड्यावर बसवला, कारण लग्न लागलं असतं तर गोष्ट संपली असती. किती वेळ, ते मी सांगणार नाही. मी सांगितलेल्या वेळेवर कुणी विश्वास ठेवू नये. पुढं काका खाटेवर उठून बसल्याचं, खाकरल्याचं ऐकू आलं. त्यानंतर हाक आली नाही.

दिवस कलल्यावर आई-दादा आले. आई पाय धुवायला आडाकडं गेली आणि तशीच परत माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“कुसे, कोन आल्तं?”

“कोनी न्हाई. राघू बोलायला व्हता. मी गप केलं त्याला.”

“राघूनं घागर आनली का सोबत?”

शिळेवर घागर होती. मातीची, गळ्याला चिंधी बांधलेली. रिकामी. बाई पळताना घागर टाकून पळत नाही. ती कितीही भ्याली तरी घागर उचलते; टाकून जाते ती पाण्याची आशाच सुटल्यावर. एवढं मला तेव्हाही कळत होतं. दादा म्हणाले, “फेकून दे मागं उकिरड्यावर, कुनी बघायच्या आत.” आई आडाकडं वळली. तिनं आडात पोहरा सोडला. शेंदलं. ती घागर भरली, वरून नाही, गळ्याला धरून, हात लावून भरली. डोक्यावर घेतली आणि भर रस्त्यानं, बापूकाकांच्या ओट्यासमोरून वस्तीकडं चालू लागली. काका ओट्यावरून उठून आत गेले. मला माझ्या आईबद्दल बऱ्याच थोर गोष्टी रचून सांगता येतात. ही रचलेली नाही. म्हणून ती एवढीच आहे.

आई अंधार पडायच्या आत परत आली. घागर तशीच काठोकाठ भरलेली होती. वस्तीत कुणी नव्हतं. एक म्हातारी तेवढी होती, तिनं पाणी घेतलं नाही, एवढंच सांगितलं की सुमीला परवापासून हगवण लागली होती. आड रॉकेलानं नासलेला, म्हणून सगळे ओढ्याचं गढूळ पाणी पीत होते. जीभ कोरडी पडून पोरगी पाणी पाणी करत होती आणि ओढ्याचं पाजलं की उलटत होतं. गया दुपारी घागर घेऊन गेली होती, ती हात हलवत आली. मग ज्वारीतून बाप आला आणि दोघांनी पोरीला झोळीत घालून फाट्याकडं नेलं. सेलूच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी मिळाली नाही. सुमी देवगाव फाट्यावर तोडून टाकलेल्या झाडांशेजारी गेली. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. तोवर माझी अंघोळ होऊन मी घरात आले होते. मला सगळ्याला हात लावायची मुभा मिळाली होती.

घागर आईनं अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतली आणि पालथी घातली. वस्तीतली निम्मी घरं सेलूला निघून गेली, गयाबाईचंही गेलं. राघूला आता कुणी बोलू नको म्हणत नव्हतं. पण तो बोलायला लागला की आई हातातलं काम टाकून उठायची आणि दारापर्यंत जाऊन परत यायची. दर वेळी. एके दिवशी दादांनी स्वतः पिंजऱ्याचं दार उघडलं. राघू लिंबावर जाऊन बसला आणि तीन दिवस वरून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पाणी मागत राहिला. बापूकाकांनी बोळाकडची खिडकी लावून घेतली. चौथ्या दिवशी तो दिसला नाही. माझ्या नातवंडांना मी सांगते की तो चारठाण्याच्या देवळात जाऊन राजा झाला. त्यांना पटतं.

सेलूला एका जिनिंगच्या अंगणात मला गयाबाई भेटली. माझं लग्न होऊन पोरगं झालं होतं, नवऱ्याबरोबर कापसाची गाडी घेऊन गेले होते. ढिगाशेजारी बाया कापसातला पाला-कचरा वेचत बसल्या होत्या. मी तिला चेहऱ्यावरून नाही ओळखलं. ती शेजारणीला काहीतरी म्हणाली, त्या आवाजावरून ओळखलं. मग जवळ जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा तिला मावशी म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं. ओळखलं की नाही ते दिसलं नाही. हात थांबले नाहीत. पोरगं कडेवर किरकिर करत होतं. मला एवढ्या वर्षांत अनेक वाक्यं सुचली होती, मी त्यांना शेपट्या लावल्या होत्या, शिंगं फोडली होती. त्यातलं एकही आलं नाही.

“गयामावशी, त्या दिवशी मला वाटलं राघू बोलायलाय.”

तिनं बोंडातून एक सुकलं पान ओढून काढलं आणि बाजूला टाकलं.

“आदी मी म्हनत व्हते, बाई. राघू माज्या मागून म्हनायचा.”